वस्तादाची पारख

आमच्या विट्यात बापू वस्तादांचा मार न खाल्लेला माणूस शोधायचा असेल तर पाळण्यात बघावं लागेल, असं लोक गमतीनं म्हणायचे. नंतर नंतर ही गंमत आमच्या गल्लीत कुणी केली नाही.

बापू गेले त्याला आता वर्ष होत आलं. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, त्यांच्या तालमीतला एक वाया गेलेला पठ्ठा आणि सध्या औषधाच्या दुकानाचा मालक. माझा डावा कान अजून थंडीत ठणकतो, तो त्यांच्याच कृपेनं. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की आधी राग येतो, मग हसू येतं आणि मग परत राग येतो. हा क्रम काही बदलत नाही.

बापूंना मान नव्हती. डोकं थेट खांद्यावर ठेवल्यासारखं. कान कुस्तीनं चुरगळून गेलेले, मिशी पांढरी पण ताठ. तरुणपणी काही वर्षं फौजेत होते. तिथं कुणा वरच्या माणसाला उचलून आपटलं आणि घरी आले. का आपटलं, असं विचारलं की म्हणायचे, "बोलताना नजर वळवली त्यानं." एवढं कारण त्यांना पुरायचं.

नजर हा त्यांचा एकमेव विषय होता. तालमीत नवा पोरगा आला की त्याचे दंड किंवा मांड्या बघायचे नाहीत. समोर मांडी घालून बसायचे, त्याची हनुवटी चिमटीत धरायचे आणि डोळ्यात बघत राहायचे. पोरानं डोळे वळवले की कानफटात. "हात कुठनं येणार त्ये हात सांगत न्हाई, डोळं सांगत्यात. बघ माज्याकडं." रडणाऱ्या पोराला मग स्वतः घोटलेली बदामाची थंडाई पाजायचे, तीही जवळजवळ जबरदस्तीनं. पण कुठला पोरगा टिकणार, कुठला पळणार, हे त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि चुकलं, असं मला आठवत नाही. मी पळणार हे त्यांनी माझ्या वडिलांना माझ्यासमोरच सांगितलं होतं.

एकदा बाजारात एक जण म्हशीला काठीनं बडवत होता. बापूंनी त्याची काठी काढून घेतली आणि त्यालाच बडवला. मालक पळाला आणि म्हैस बापूंच्या मागोमाग गल्लीपर्यंत आली. ही गोष्ट सगळे हसत हसत सांगतात. ते आपल्या बायकोला, आमच्या काकींनाही मारायचे, ती गोष्ट मात्र कुणी सांगत नसे. रात्री भिंतीपलीकडून भांडं पडल्यासारखा आवाज यायचा आणि सकाळी काकी डोक्यावरून पदर जरा जास्तच पुढं ओढून रांगोळी काढायच्या.

मुलगा संदीप बापाच्या हाताला कंटाळून मिसरूड फुटायच्या आत गावाबाहेर पडला. आमच्याकडं त्याला वाट तयार असते. विट्यातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनंचांदी आटवून शुद्ध करायच्या कामात, देशभर पसरलेली आहेत. संदीप कोइमतूरला एका नातेवाइकाच्या भट्टीवर लागला, पुढं स्वतःचं दुकान टाकलं, शिरवळच्या एका कारखान्यातल्या कामगाराच्या मुलीशी, अश्विनीशी, लग्न केलं. त्यांना मुलगा झाला. नाव शौर्य. नाव बापूंनीच ठेवलं होतं.

पोर आठ महिन्यांचं असताना जावळ काढायला सगळे विट्याला आले. न्हाव्यानं वस्तरा लावला तरी पोर रडलं नाही, आईकडंही वळलं नाही. बायकांनी कौतुक केलं, किती शांत पोर म्हणून. बापू मात्र उठले, पोराला मांडीवर घेतलं आणि आयुष्यात कधी केले नसतील असे चाळे करू लागले. टाळूला जीभ लावून टॉक टॉक केलं. पदराआड तोंड लपवून भोऽऽ केलं, तेही काकींच्या पदराआड, सगळ्यांसमोर. आपलं डोकं पोराच्या नजरेपुढं आणायला डावीकडं झुकले, उजवीकडं झुकले. पोराची नजर त्यांच्यावरून सरकून दाराच्या झेंडूच्या माळेवर जाऊन बसली.

संध्याकाळी ते दुकानात आले. गिऱ्हाईक उभं असताना म्हणाले, "गड्या, ह्या पोराची नजर लागत न्हाई."

"आवं बापू, आठ महिन्याचं हाय ते."

"आठ महिन्याची लय बघितली. शेंबडी आसू द्यात न्हाईतर काळी, तोंडाकडं बघत्यात. हसलं की हसत्यात. उचलाय गेलं की हात वर करत्यात. ह्यो माज्या मिशीच्या पल्याड बघतोय. पोरात कायतरी चुकलंय."

हेच त्यांनी घरात जाऊन सांगितलं. काकी म्हणाल्या, सोन्यासारख्या पोराला दृष्ट लावता. बापूंनी पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकला. पोचा पडला, तांब्याला आणि भिंतीलाही. अश्विनी रात्रभर रडली आणि दोन दिवसांत तिघं कोइमतूरला निघून गेली.

अश्विनी परत आली तेव्हा शौर्य दीड वर्षाच्या पुढं गेला होता, आणि आता ती त्याला घेऊन विट्यात राहायलाच आली होती. मध्ये तो 'पाणी' आणि 'बाबा' म्हणायला लागला होता. ते दोन्ही शब्द गेले. नुसते कमी झाले नाहीत, गेले. आमच्या गावाकडं याचं उत्तर तयार होतं. दुकानात तमिळ, घरात मराठी, शेजारी तेलुगू, पोर गोंधळणार नाही तर काय होईल. गलाईवाल्यांच्या प्रत्येक घरात असा एखादा पोरगा असतो, जो तीन वर्षं मुका राहिला आणि मग एकदम तीन भाषा बोलू लागला. त्या गोष्टी खऱ्याही असतात. म्हणून सगळ्यांनी ठरवलं की पोराला गावी ठेवा, कानावर एकच भाषा पडू द्या, आपोआप सुटेल जीभ.

ओसरीवर ही चर्चा चालली होती. बापू ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तमिळ पोरं आईकडं बघत न्हाईत व्हय रं?"

चहा आला आणि विषय बदलला.

त्यानंतर बापू त्या पोरामागं लागले. त्यांनी काय काय बघितलं हे मी भिंतीवरून बघत होतो. नाव घेऊन हाक मारली की शौर्य वळायचा नाही, पण पलीकडच्या खोलीत बिस्किटाचा पुडा वाजला की धावायचा. बापूंनी त्याच्या पाठीमागं परातीवर लाटणं आपटलं. पोरानं दोन्ही कान दाबून घेतले आणि किती वेळ किंचाळत राहिलं. "बहिरं न्हाई," बापू मला म्हणाले. "आयकतंय. मंग वळत का न्हाई?" गल्लीतली त्याच्या वयाची पोरं कावळा दिसला की बोट करून आईला दाखवायची आणि आईनं बघितलं का ते वळून बघायची. शौर्यनं कधी बोट केलं नाही. फडताळातला डबा हवा असला की आईचं मनगट धरून तिचा हात डब्याकडं ढकलायचा, चेहऱ्याकडं न बघता. बाकी वेळ डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत बसायचा. कुणी झाकण घेतलं की डोकं जमिनीवर आपटायचा.

मी म्हणालो, सांगलीला लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवू. संदीपनं फोनवरून बजावलं, माझ्या पोराला वेडं ठरवायचं नाही. बापूंनी माझ्याकडं असं बघितलं की मी दुकानात निघून गेलो.

मग त्यांनी त्यांना येत होतं ते सुरू केलं. पोराला समोर बसवायचं, हनुवटी चिमटीत धरायची. "बघ माज्याकडं." पोर मान झटकायचं, चावायचं, आणि मग तो आवाज यायचा. ज्यानं तो आवाज स्वतःच्या कानाजवळ ऐकलाय त्याला तो भिंतीतून ओळखू येतो. दीड-पावणेदोन वर्षांच्या पोराला वस्तादाचा हात. अश्विनी मध्ये पडली तर तिला ढकलून दिलं, चौकटीवर आपटून तिचं कोपर फुटलं. मी भिंतीवरून ओरडलो. बापू म्हणाले, "तुला मारलं तवा तू सुधारला का न्हाईस? गप बस." खरं म्हणजे मी सुधारलो नव्हतो, पळालो होतो. पावणेदोन वर्षांचं पोर कुठं पळणार होतं.

काकींनी म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलला होता. एका सकाळी त्या अश्विनीला घेऊन देवाला गेल्या. पोर झोपलं होतं, म्हणून शेजारच्या बाईकडं ठेवलं. बायका गाडीत बसल्याबरोबर बापूंनी त्या बाईकडून पोर मागून आणलं.

तालमीत कुणाचा खांदा निखळला, गुडघा सुजला, की बापू बिब्बा करायचे. दाभण तापवायचं, बिब्ब्यात खुपसायचं आणि त्या तेलाचे चटके दुखऱ्या जागी द्यायचे. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या पैलवानांच्या अंगावर असले काळे ठिपके बघा, ओळीनं सापडतील. गडी माणसाची राठ कातडी ते सोसते. बापूंनी तेच चटके पोराच्या मानेवर आणि कानामागं दिले.

किंचाळी ऐकून मी भिंतीवरून उडी टाकली. पोर त्यांच्या गुडघ्यांत पालथं दाबलेलं होतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी दुसऱ्या हातानं मला असं भिरकावलं की मी धुण्याच्या दगडावर जाऊन पडलो. उठता येईना. "खांद्याला उतार पडतो," ते म्हणत होते, "मंग नजरंला का न्हाई पडणार?" ते संतापलेले नव्हते. घाबरलेले होते. त्यांना घाबरलेलं मी त्या आधी कधी बघितलं नव्हतं, आणि मला त्यांची कीव अजिबात आली नाही.

दुपारपर्यंत बिब्बा उतला. मान, कान, एका बाजूचा गाल सुजून लाल झाला आणि पाण्यानं भरलेले फोड आले. मी दुकानातून मलम आणून लावत होतो. पोर रडून रडून थकलं होतं आणि हुंदके देत फरशीवर बोट घासत होतं. बापू खांबाला टेकून ते फोड बघत होते. तेवढ्यात बायका आल्या.

अश्विनीनं पोराकडं बघितलं. स्वयंपाकघरात गेली आणि खलातला लोखंडी बत्ता घेऊन आली. पहिला घाव बापूंच्या कपाळावर बसला. भुवईवर कातडी फाटली आणि रक्त मिशीवरून बंडीवर आलं. बापूंचा हात वर गेला. मी डोळे मिटून घेतले. आवाज आला नाही. उघडून बघितलं तर हात तसाच हवेत होता आणि मग तो खाली आला. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा परत खांद्यावर. काकी प्रसादाचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. आयुष्यभर मार खाल्लेल्या त्या बाईनं 'पुरे' म्हटलं नाही.

अश्विनी दमल्यावर बापू उंबऱ्यावर बसले. माझ्याकडं बघून म्हणाले, "चांगला बसला." एखाद्या पठ्ठ्याचा डाव बघून म्हणावं तसं.

काकींनी ताट कट्ट्यावर ठेवलं आणि पोराचे कपडे पिशवीत भरायला घेतले. मी गाडी काढली. डोक्याला टॉवेल गुंडाळून बापू पुढच्या सीटवर येऊन बसले.

"ह्या माणसाला खाली उतरवा," अश्विनी मला म्हणाली. "न्हाईतर मी चालत जाईन सांगलीपर्यंत."

"बस," बापू समोरच बघत म्हणाले. "मला पोलिसात द्याया तरी घिऊन चल."

ती बसली.

सांगलीतल्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या. आधी त्यांनी फोडांवर उपचार केले. मग विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी," बापू म्हणाले आणि उभे राहिले.

बाई जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोलिसांना कळवणार म्हणाल्या आणि त्यांनी खरोखरच कळवलं. बापूंनी मान खाली न घालता ते ऐकून घेतलं. नंतर बाई पोराजवळ फरशीवर बसल्या. हाक मारली, साबणाचे फुगे उडवले, खेळणं लपवलं, बोट करून काहीतरी दाखवलं. बराच वेळ बसल्या होत्या. उठून त्यांनी अश्विनीला स्वमग्नतेबद्दल, म्हणजे ऑटिझमबद्दल सांगितलं. हे पोर जन्मतःच असं आहे, त्यात तुमच्या दुधाचा, भाषेचा, कोइमतूरचा दोष नाही. अजून तपासण्या करू, पण चिन्हं स्पष्ट आहेत. एवढ्या लहान वयात मूल सहसा कुणी आणत नाही, बोलेल बोलेल म्हणून चार-पाच वर्षं घालवतात. आत्ता शिकवायला सुरुवात केली तर खूप फरक पडतो. "तुमच्या लक्षात कधी आलं?" त्यांनी विचारलं.

अश्विनीनं दारापाशी उभ्या असलेल्या बापूंकडं न बघता हात केला. "माज्या न्हाई आलं. मामांच्या आलं. आठव्या महिन्यात." आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात.

बाईंनी बापूंकडं बघितलं. बापूंनी सांगितलं. डोळ्याला डोळा देत नाही, उचलायला गेलं तर हात वर करत नाही, हाकेला वळत नाही, बोट करत नाही, आईचा हात सांडशीसारखा वापरतो, आलेले शब्द गेले. एकही गोष्ट सुटली नाही.

"सगळं बरोबर ओळखलंत तुम्ही," बाई म्हणाल्या. "आणि ओळखून हे केलंत."

बापू खाली बसले. फरशीवर, भिंतीला पाठ लावून. तेव्हा कुठं त्यांच्या कपाळावर टाके घालायचं कुणाला तरी सुचलं.

पोलिसांत जबाब झाले, खटला उभा राहिला, तारखा पडत राहिल्या. अश्विनीनं सांगलीत खोली घेतली, कारण शिकवणारी केंद्रं तिथं होती. काकी तिच्याबरोबर गेल्या. जाताना त्यांनी बापूंना एवढंच सांगितलं की पीठ डब्यात आहे. संदीप कोइमतूरहून येऊन बापाला एक शब्द न बोलता सांगलीला राहून गेला. अश्विनीनं बापूंना पोराला भेटायला बंदी केली नाही. अट एकच घातली, की पोराला हात लावायचा नाही. कुठल्याही कारणानं नाही. लावला तर पुन्हा तोंड दिसणार नाही.

ही अट बापूंनी पाळली हे सांगून खोटं वाटेल, पण पाळली. दर रविवारी सकाळच्या एसटीनं जायचे आणि खोलीच्या पायरीवर बसायचे. केंद्रातल्या शिक्षिकेनं अश्विनीला शिकवलेलं तिथनं बसून बघायचे. पोराच्या नजरेच्या पातळीला यायचं, ते जे करतंय तेच आपण करायचं, थांबायचं, आणि त्यानं क्षणभर बघितलं तरी लगेच हवं ते द्यायचं. हनुवटी धरायची नाही. बापू आपल्या पायरीवर बसून एक झाकण फिरवायचे. पोर आपल्या जागी आपलं झाकण फिरवायचं. असे तास जायचे. विट्याला आले की मला म्हणायचे, "आज दोनदा बघितलं गड्या. आपनहून." हे ते दोनदोनदा सांगायचे आणि मी फळीवर औषधं लावत राहायचो. मी त्यांना माफ केलं होतं असं कुणी समजू नये.

तालीम त्यांनी बंद केली. किल्ली पठ्ठ्यांकडं दिली आणि परत तिकडं फिरकले नाहीत.

मी त्यांना शेवटचं नीट बघितलं ते सांगलीच्या एसटी स्टँडवर. मी औषधांच्या घाऊक दुकानातलं काम आटपून परतत होतो. फलाटावर गर्दी दिसली. मध्ये शौर्य होता, तीन वर्षांचा, कोब्यावर पालथा. एका गाडीनं अगदी जवळ हॉर्न वाजवला होता. तो किंचाळत होता आणि कपाळ जमिनीवर आपटत होता. अश्विनी पाणी आणायला गेली होती, काकी पिशव्यांपाशी गोंधळून उभ्या होत्या. लोक बोलत होते. लाडावून ठेवलंय. द्या दोन थोबाडीत, गप बसतंय का न्हाई बघा. एक दांडगा तरुण पुढं झाला आणि पोराचा दंड धरून त्याला उचलायला लागला.

एवढ्यात बापू गर्दीतून आत शिरले. मला वाटलं आता या तरुणाचा जबडा जातो. मी मनातल्या मनात त्याच्यासाठी हळहळलोसुद्धा. बापूंनी त्याचा हात पोराच्या दंडावरून काढला, फिरवून बाजूला केला. मारलं नाही. मग ते गुटख्याच्या पिचकाऱ्या पडलेल्या त्या फलाटावर पालथे झोपले, पोरासमोर, डोक्याला डोकं भिडेल इतक्या जवळ, आणि आपला उजवा पंजा तळवा वर करून कोब्यावर टेकवून पोराच्या कपाळाखाली सरकवला.

पोराचं डोकं खाली यायचं ते पंजावर यायचं. हाडावर हाड वाजायचं. पोराच्या अंगात त्या वेळी किती जोर असतो हे ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. बोटांच्या पेरांवरची कातडी खाली कोब्यावर सोलत होती. बापू हूं की चूं करत नव्हते, पोराला शब्दानं समजावत नव्हते, डोळ्यातही बघत नव्हते. नुसते पडून होते.

अश्विनी बाटली घेऊन धावत आली. गर्दी सारून आत शिरली आणि थबकली. तिनं पोर बघितलं, पोराच्या कपाळाखालचा पंजा बघितला. काकींनी तोंडाला पदर लावला. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, कारण ती अट मला ठाऊक होती आणि बापूंनाही ठाऊक होती. ते मान वर करून तिच्याकडं बघायला तयार नव्हते.

ती गुडघ्यावर बसली. गर्दीला म्हणाली, "जावा तुमी आपापल्या गाडीला." मग खाली वाकली.

"मामा," ती म्हणाली, "त्यो हात सुजला. दुसरा घाला."

बापूंनी डावा हात पुढं सरकवला.